'नंतर बघू'चा इतिहास

बऱ्याच शनिवारांनी लिहायला बसलोय. चहा झालाय, बायको भाजी आणायला गेलीये, आणि ऑफिसचा लॅपटॉप मुद्दाम दुसऱ्या खोलीत ठेवलाय.

तर झालं असं, की मागच्या महिन्यात ताईचा फोन आला. "तुझ्या भाच्याला जरा समजाव. इंजिनिअरिंग नको म्हणतोय. सिनेमातलं ते ग्राफिक्स शिकायचंय म्हणे." मागून त्याचाच आवाज, "व्हीएफएक्स, आई, ग्राफिक्स नाही! मामा, तू सांग ना हिला, त्यात स्कोप आहे म्हणून."

आमच्या घरात कॉम्प्युटरशी दूरचा जरी संबंध असला तरी प्रश्न माझ्याकडे येतो. प्रिंटर बंद पडला तरी मीच. पण इथे पोराच्या पुढच्या आयुष्याचा प्रश्न होता, म्हणून म्हटलं, थोडा वेळ द्या. मग पुढचे तीन-चार शनिवार-रविवार मी दोनच गोष्टी केल्या. भाच्याबरोबर बसून मारधाडीचे आणि सायन्स फिक्शन सिनेमे पाहिले, आणि ते कसे बनले त्याबद्दल मिळेल ते वाचलं.

आधीच सांगतो, मी काही समीक्षक नाही. वर्षाला सात-आठ सिनेमे थेटरात, बाकीचे घरी, तेही जेवता जेवता. तरी माझी मतं आहेतच, आणि ती अशी: 'ड्यून'चा दुसरा भाग (२०२४) आवडला. 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' (२०१५) तिसऱ्यांदा पाहिला, तिसऱ्यांदा घाम फुटला. 'गॉडझिला मायनस वन' (२०२३) इतका आवडला की संपल्यावर आम्ही दोघं पाच मिनिटं गप्प होतो. उलट, २०२३ सालचाच 'अँट-मॅन'चा तिसरा भाग बघताना भाचा मोबाइलवर आणि मी पेंगत होतो. आणि 'आदिपुरुष'बद्दल काय बोलावं! आधी टीझरवरूनच लोकांनी धुतलं, मग जानेवारी २०२३ चं रिलीज जूनवर गेलं, तरी पडद्यावर जे दिसायचं ते दिसलंच.

आता गंमत बघा. आम्ही मध्येच 'जुरासिक पार्क' लावला. सिनेमा १९९३ चा. त्यातला डायनासोर आजही खरा वाटतो. आणि तीस वर्षांनंतर, हजार पट ताकदवान कॉम्प्युटर हाताशी असताना, वीस-वीस कोटी डॉलर ओतलेल्या सिनेमातला राक्षस रबरी का वाटतो? भाच्याने हे विचारलं, आणि उत्तर शोधता शोधता मी १९७५ सालात जाऊन पोचलो.

१९७५ च्या जूनमध्ये स्पीलबर्गचा 'जॉज' आला. खुल्या समुद्रात शूटिंग, आणि माणसं खाणारा यांत्रिक शार्क. हा शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा. ५५ दिवसांचं शूटिंग १५९ दिवसांवर गेलं. शेवटी स्पीलबर्गने काय केलं, तर शार्क दाखवायचंच टाळलं. पाण्यावर तरंगणारी पिवळी पिंपं, पाण्याखालून वर बघणारा कॅमेरा, आणि जॉन विल्यम्सचं ते दोन सुरांचं संगीत. सिनेमा निम्म्याहून पुढे जातो तेव्हा कुठे शार्क नीट दिसतो. तोवर आपली पाचावर धारण बसलेली असते. यंत्र चाललं नाही, म्हणून दिग्दर्शकाला सेटवरच, त्याच दिवशी डोकं चालवावं लागलं.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियात जॉर्ज लुकसने 'इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक' नावाची कंपनी काढली. कारण साधं होतं. त्याला 'स्टार वॉर्स' करायचा होता आणि ज्या स्टुडिओसाठी करायचा होता त्या ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने आपला स्पेशल इफेक्टचा विभाग केव्हाच बंद केला होता. मग एका गोदामात पोरंसोरं जमवली आणि जॉन डायक्स्ट्राच्या हाताखाली एक नवा कॅमेरा तयार केला. आमच्या लोकांना आवडेल अशी गोष्ट आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

अवकाशयानाचं मॉडेल स्थिर असतं, कॅमेरा त्याच्याभोवती फिरतो. पडद्यावर मात्र यानच उडतंय असं वाटतं. अडचण अशी, की एकाच चित्रात चार यानं हवी असतील तर चार वेळा वेगवेगळं चित्रण करून ते एकावर एक छापायला लागतं, आणि दर वेळी कॅमेऱ्याची हालचाल केसभरही बदलता कामा नये. माणसाच्या हाताने ते अशक्य. म्हणून कॅमेऱ्याची हालचाल इलेक्ट्रॉनिक पद्धतीने नोंदवून ठेवायची आणि हवी तितक्या वेळा जशीच्या तशी परत करायची. म्हणजे बघा, कॅमेऱ्यासाठी लिहिलेला प्रोग्रॅमच तो!

यात प्रत्येक शॉटला प्रचंड वेळ जायचा. एक वर्ष आणि जवळजवळ अर्धं बजेट संपलं तेव्हा हातात मोजके शॉट होते, आणि तेही लुकसला पसंत नव्हते. म्हणजे तिथेही डेडलाइनची बोंब होतीच. पण लुकसने एक काम आधीच करून ठेवलं होतं. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या लढायांची जुनी फिल्म जमवून, ती कापून-जोडून, त्याने आपल्या अवकाशातल्या लढाईचा कच्चा आराखडा तयार केला होता. कुठलं यान कुठून येणार, किती सेकंद दिसणार, हे या पोरांना माहीत होतं. काम अवघड होतं, पण रिक्वायरमेंट पक्की होती.

पुढचा टप्पा 'टर्मिनेटर २' (१९९१). तो वितळलेल्या पाऱ्यासारखा माणूस आठवतोय ना? सव्वादोन तासांच्या त्या सिनेमात कॉम्प्युटरवर केलेली दृश्यं जेमतेम पाचेक मिनिटांची आहेत. बाकी ट्रक खरोखर पुलावरून कालव्यात पडलाय, आणि हेलिकॉप्टर खरोखर पुलाखालून गेलंय. दोन सॅरा कॉनर एकत्र दिसतात तिथे तर नायिका लिंडा हॅमिल्टनची सख्खी जुळी बहीण उभी केलीये. प्रत्येक ठिकाणी जेम्स कॅमेरॉनने आधी ठरवलं होतं की इथे कुठली युक्ती लागणार, आणि कॉम्प्युटर लागणारच असेल तर तो किती सेकंद.

'जुरासिक पार्क'चंही तसंच. दोन तासांच्या सिनेमात डायनासोर पडद्यावर आहेत सुमारे पंधरा मिनिटं. त्यातली नऊएक मिनिटं स्टॅन विन्स्टनने बनवलेल्या यांत्रिक डायनासोरांची, आणि कॉम्प्युटरची फक्त सहाएक. पावसातला तो टी-रेक्स म्हणजे खरोखरचं काही टन वजनाचं धूड होतं. पावसाने त्याची फोमची कातडी पाणी पिऊन जड व्हायची, आणि ते थरथरायला लागायचं. मग मंडळी त्याला फडक्याने टिपत बसायची! पण पोरांच्या गाडीच्या काचेवर जे दडपण येतं ना, ते या वजनाचं आहे. (सिनेमा हिंदीत डब होऊन आपल्याकडे १९९४ मध्ये लागला. साताऱ्याच्या टॉकीजमध्ये मी ताईचा हात धरून पाहिलाय. ती आता कबूल करत नाही, पण ती माझ्यापेक्षा जास्त घाबरली होती.)

इथे थोडं विषयांतर, पण भाच्यासाठी महत्त्वाचं. या सिनेमातले डायनासोर आधी मॉडेल एकेका फ्रेमला हलवून करायचे ठरले होते, आणि त्या कलेतला उस्ताद फिल टिपेट ते करणार होता. कॉम्प्युटरवरची चाचणी बघितल्यावर त्याला वाटलं, आपला धंदा बसला. पण स्पीलबर्गने त्याला सोडलं नाही. प्राणी चालतो कसा, थबकतो कसा, हे कॉम्प्युटरवाल्या पोरांना शिकवायला कुणीतरी हवं होतंच. मग सांध्यांना सेन्सर लावलेला एक डायनासोरचा सांगाडा बनवला. टिपेटची माणसं तो हाताने हलवायची आणि हालचाल कॉम्प्युटरमध्ये जायची. त्या वर्षीच्या ऑस्करमध्ये त्याचाही वाटा होता. "मामा, एआय आल्यावर माझी नोकरी राहील का?" असं भाचा विचारतो तेव्हा मी त्याला ही गोष्ट सांगतो. अर्थात, टिपेटकडे तोवर जवळजवळ वीस वर्षांचा अनुभव होता आणि त्याला ठेवून घेणारा दिग्दर्शक भेटला, हेही सांगतो.

'मॅट्रिक्स' (१९९९) मी मित्राच्या घरी सीडीवर पाहिला. नायक मागे झुकतो, गोळ्या सावकाश जातात, कॅमेरा त्याच्याभोवती गोल फिरतो... तो शॉट फोटो काढायच्या सुमारे १२० कॅमेऱ्यांची रांग लावून घेतलाय. कुठला कॅमेरा कुठे ठेवायचा हे आधी कॉम्प्युटरवर आखून घेतलं होतं. नटांनी चारेक महिने मारामारीची तालीम केली. एक कॅमेरा चुकला तर शॉट गेला.

म्हणजे १९९९ पर्यंतचा हिशोब असा: युक्ती महाग होती, म्हणून निर्णय आधी व्हायचा.

मग युक्ती स्वस्त झाली.

कॅमेरे डिजिटल झाले, कॉम्प्युटर पटापट वाढले, आणि हॉलिवूडमध्ये एक वाक्य रूढ झालं, ज्याचं चोख मराठी म्हणजे "आत्ता शूट करून टाका, नंतर बघू!" मागे हिरवा पडदा लावा, शहर नंतर ठरवू. खलनायकाचं चिलखत नंतर ठरवू. शेवटची मारामारी कुठे होणार, तेही नंतर ठरवू. आपल्या धंद्यातल्या लोकांना हे वाक्य नवं नाही. "आत्ता रिलीज करा, बग पुढच्या व्हर्जनमध्ये बघू." बघणारा कोण असतो, ते आपल्याला चांगलंच ठाऊक आहे.

एक ठळक उदाहरण २०१० चं. डिसेंबर २००९ मध्ये 'अवतार' आला, थ्रीडीची लाट आली. 'क्लॅश ऑफ द टायटन्स' नावाचा सिनेमा तोवर साध्या पद्धतीने चित्रित होऊन तयार होता. स्टुडिओने ठरवलं, यालाही थ्रीडी करा. ते काम मुंबईत सुरू झालेल्या प्राइम फोकस कंपनीकडे आलं, आणि अवघ्या दहाएक आठवड्यांत उरकावं लागलं. थ्रीडीसाठी जो चित्रितच केलेला नाही, तो सिनेमा नंतर फ्रेम-फ्रेम कापून थ्रीडी करायचा! व्हायचं तेच झालं. लोकांनी त्या थ्रीडीला नावं ठेवली. शिव्या कामाला पडल्या, निर्णयाला नाही.

आता पैशाचं गणित. व्हीएफएक्स कंपनी स्टुडिओकडून काम घेते ते बहुतेक ठरलेल्या किमतीला. आपल्या भाषेत फिक्स्ड बिड. इतके शॉट, इतके डॉलर. पण स्टुडिओने दहा वेळा विचार बदलला, तर वाढलेल्या कामाचे पैसे बऱ्याचदा कंपनीच्याच खिशातून जातात. फार ताणून धरलं, तर पुढचं काम दुसऱ्याला.

याचा शेवट कुठे झाला, ते २०१३ च्या फेब्रुवारीत जगाने पाहिलं. ऱ्हिदम अँड ह्यूज ही १९८७ पासूनची नावाजलेली कंपनी. 'लाइफ ऑफ पाय' (२०१२) मधला तो वाघ त्यांचा. नावेतला वाघ बहुतेक वेळा कॉम्प्युटरचा आहे, हे सांगितल्याशिवाय कळत नाही. कंपनीची ऑफिसं मुंबईत आणि हैदराबादेतही होती. म्हणजे त्या वाघात आपल्याही पोरांचा हात. सिनेमाने जगभरात साठ कोटी डॉलरच्या वर धंदा केला. आणि कंपनीने ऑस्करच्या दोन आठवडे आधी दिवाळखोरीचा अर्ज केला.

२४ फेब्रुवारीच्या रात्री त्याच वाघाला ऑस्कर मिळालं. बाहेर रस्त्यावर शेकडो व्हीएफएक्स कलाकार निदर्शनं करत होते. आत बिल वेस्टनहॉफर भाषणात कंपनीच्या हालाखीबद्दल बोलायला लागला, आणि वेळ संपली म्हणून त्याच्यावर संगीत सुरू झालं, माइक बंद झाला. संगीत कुठलं होतं माहितीये? 'जॉज'चं.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून फेरी मारून आलो. कारण मला माझं आठवलं. २००७ साली मी एका फिक्स्ड बिड प्रोजेक्टवर होतो. रिलीजच्या चार दिवस आधी क्लायंटला अख्खा रिपोर्ट वेगळा हवा झाला. मॅनेजर म्हणाला, होऊन जाईल. आम्ही पाच जण तीन रात्री ऑफिसात झोपलो. त्यातल्या एका दिवशी ताईच्या मुलाचं बारसं होतं. याच भाच्याचं. मामा बारशाला नव्हता. आणि तो रिपोर्ट? दोन महिन्यांनी क्लायंटने काढूनच टाकला. कुणी वापरतच नव्हतं.

असो. पुढचा इतिहास थोडक्यात. डिसेंबर २०१९ मध्ये 'कॅट्स' नावाचा सिनेमा (मारधाड नाही, पण राहवत नाही म्हणून सांगतो) थेटरात लागल्यानंतर स्टुडिओने इफेक्ट सुधारलेली नवी प्रत थेटरांना पाठवली. थेटरात चालू असलेल्या सिनेमाला पॅच! प्रॉडक्शनवर थेट बगफिक्स म्हणतात तो हाच. :) आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मार्व्हलच्या स्वतःच्या पगारावर असलेल्या व्हीएफएक्सच्या माणसांनी युनियनच्या बाजूने मतदान केलं. एकही मत विरोधात गेलं नाही. माझा अंदाज असा, की जो सिनेमा बघताना आपल्याला पेंग येते, त्याचे शॉट करतानाही कुणीतरी पेंगत असतं. फरक इतकाच, की ते रात्री तीन वाजता.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे कॉम्प्युटर वाईट आणि जुनं ते सोनं. अजिबात नाही! मलाही आधी तसंच वाटायचं. पण 'फ्युरी रोड'मध्ये, जिथे नामिबियाच्या वाळवंटात खऱ्या गाड्या पळवल्या, तिथेही सुमारे दोन हजार शॉटमध्ये व्हीएफएक्स आहे. 'टॉप गन: मॅव्हरिक' (२०२२) मध्ये नट खरोखर लढाऊ विमानात बसले, त्याचा गाजावाजा झाला, पण त्यातही दोन हजारांहून जास्त असे शॉट आहेत. २०२३ च्या 'मिशन इम्पॉसिबल'मध्ये टॉम क्रूझ मोटरसायकल घेऊन कड्यावरून उडी मारतो. उडी खरी, नॉर्वेतला डोंगर खरा, पण ज्यावरून गाडी सुटली तो उतरंडीचा रॅम्प कॉम्प्युटरने खडकाखाली लपवलाय. ते पुसणाऱ्याचं नाव जाहिरातीत येत नाही. उलट "सगळं खरं आहे हो!" असं सांगून त्याचं काम नव्हतंच असं भासवतात.

चांगल्या सिनेमातही कॉम्प्युटर आहेच, पण निर्णय आधीचा आहे. 'फ्युरी रोड'ची पटकथा जॉर्ज मिलरने साडेतीन हजारांच्या आसपास चित्रांतून आखली होती. 'ड्यून'च्या पहिल्या भागात (२०२१) वाळवंटातल्या दृश्यांसाठी हिरव्याऐवजी वाळूच्या रंगाचे पडदे लावले, म्हणजे नटांच्या अंगावर हिरवट नाही, वाळूचाच उजेड पडेल. किती साधी गोष्ट! पण ती शूटिंगच्या आधी सुचावी लागते आणि कुणीतरी ऐकावी लागते. 'इंटरस्टेलर' (२०१४) मधल्या कृष्णविवरासाठी भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्नने समीकरणं दिली, डबल नेगेटिव्हच्या लोकांनी त्यावर प्रोग्रॅम लिहिला. काही फ्रेम रेंडर व्हायला शंभर तास लागले. त्यावर २०१५ मध्ये शोधनिबंधही छापून आला. इथे व्हीएफएक्सवाले सुरुवातीपासून खोलीत होते.

आणि शेवटी 'गॉडझिला मायनस वन'. युद्धात हरलेला जपान, जिवंत परत आल्याची लाज वाटणारा एक वैमानिक, आणि समुद्रातून येणारं ते संकट. बजेट दीड कोटी डॉलरहूनही कमी. व्हीएफएक्सचे शॉट ६१०, ते करणारी माणसं ३५. दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी हाच व्हीएफएक्सचा प्रमुख. म्हणजे शॉट बघून "हो" किंवा "नाही" म्हणणारा माणूस त्याच इमारतीत! मार्च २०२४ मध्ये या ३५ जणांच्या कामाला ऑस्कर मिळालं, तेही 'मिशन इम्पॉसिबल' आणि 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी'सारख्या धनदांडग्यांच्या पुढे. नाव लहान म्हणून काम हलकं असतं असं नाही, उलट कमी पैशात ही माणसंही राबलीच असणार. पण त्यांचं राबणं फुकट गेलं नाही. जे केलं ते पडद्यावर आहे.

तर मंडळी, ताईला मी फोन केला. म्हटलं, शिकू दे त्याला. मुंबईत, हैदराबादेत या धंद्यात भरपूर माणसं लागतात. पण सुरुवातीला फ्रेम-फ्रेम कापायचं आणि तारा पुसायचंच काम मिळतं, पगार बेताचा, आणि रात्री आपल्या नाहीत. हे त्याला माहीत असू दे. ताई म्हणाली, "म्हणजे तुझ्यासारखंच की." मी काही बोललो नाही.

भाच्याला एवढंच सांगितलं की चित्रकला सोडू नकोस, प्राणी कसे चालतात ते बघत जा, आणि पुढे कुठल्याही इंटरव्ह्यूला गेलास की आपल्या बाजूने एक प्रश्न विचार: शॉट फायनल कोण करतं, आणि तो माणूस बसतो कुठे?

तो म्हणाला, "मामा, तुमच्या कंपनीत कोण करतं?"

सोमवारी स्टँडअपमध्ये क्लायंटचा नवा बदल आला, तेव्हा पहिल्यांदाच मी विचारलं, "हे नक्की कुणी ठरवलंय? त्यांच्याशी एकदा बोलता येईल का?" दोन मिनिटं शांतता. बघू, काय होतंय ते.

उद्या भाचा येतोय. पुन्हा 'जुरासिक पार्क' लावणार आहोत, ताईपण बसणार आहे. शेवटची नावं सरकून संपेपर्यंत कुणी उठायचं नाही, असं ठरलंय.